फाइंडरमध्ये गुरू मधोमध, आयपीसमध्ये काळोख: लहान दुर्बिणीला कोणता फाइंडर लावावा?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. दुर्बीण लहान आहे. सोबत आलेल्या फाइंडरचा, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या उपकरणाचा, लाल ठिपका गुरूवर नेमका बसलाय, आणि आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावला की काळोख. नळी जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवत राहिलं की गुरू कधीतरी चुकून सापडतो. फाइंडर पुन्हा जुळवला, तर पुढच्या वेळी तेच रडगाणं. मग प्रश्न येतो: हा फाइंडर काढून टाकू का? आकाराने छोटाच, पण चांगला कोणता?

काढून टाकायची घाई नको. मात्र काही दुर्बिणींवर तो खरोखरच चुकीचा असतो, आणि तिथे कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग नाही. कुठे काय लागू पडतं हे दोन आकड्यांवर ठरतं: तुमच्या दुर्बिणीतून एका वेळी आकाशाचा जास्तीत जास्त केवढा तुकडा दिसतो, आणि तुमच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी कितव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका). फाइंडरच्या खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं, कारण दोन्ही आकडे फाइंडरचे नाहीतच.

पहिला आकडा: दृश्यक्षेत्र

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ) आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की मोठेपणा मिळतो, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते. आयपीसच्या आभासी क्षेत्राला (त्यातलं वर्तुळ डोळ्याला किती अंश रुंद दिसतं), साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसमध्ये ते ५० अंशांच्या आसपास असतं, त्या मोठेपणाने भागलं की प्रत्यक्ष दृश्यक्षेत्र.

१२७ मिमीची मॅकसुटॉव्ह (आरसा आणि भिंग दोन्ही असलेली, आखूड नळीची दुर्बीण) घ्या, नाभीय अंतर १५०० मिमी. २५ मिमीच्या आयपीसने मोठेपणा ६० पट, म्हणजे क्षेत्र ०.८३ अंश, साधारण ५० कला (६० कलांचा एक अंश). पौर्णिमेचा चंद्र ३० कलांचा. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत हातात उरतात फक्त २५ कला. फाइंडर तेवढा चुकला की गुरू बाहेर.

आता ८० मिमीची आखूड भिंगाची दुर्बीण, नाभीय अंतर ४०० मिमी. ३२ मिमीच्या आयपीसने मोठेपणा साडेबारा पट आणि क्षेत्र ४ अंश. इथे फाइंडर दीड अंशाने चुकला तरी तारा आयपीसमध्ये हजर. खरं तर अशा दुर्बिणीत कमी मोठेपणाचा आयपीस हाच फाइंडर असतो, वरचा ठिपका फक्त दिशा दाखवायला. १३० मिमीची, ६५० मिमी नाभीय अंतराची आरशाची दुर्बीण या दोघींच्या मध्ये बसते: २५ मिमीच्या आयपीसने जवळपास १.९ अंश.

तोच ढिला, प्लास्टिकचा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याचा फाइंडर, एकाला 'एकदम मस्त' आणि दुसऱ्याला 'कचरा' का वाटतो, याचं उत्तर इथेच आहे. दोघंही खरं बोलत असतात, फक्त त्यांच्या नळ्या वेगळ्या. फाइंडरबद्दल कुणाचंही मत वाचताना त्याची दुर्बीण कोणती, हे आधी बघावं.

फाइंडरवर ठपका ठेवण्याआधी

जुळवणी दिवसाउजेडी करा. रात्री अंधारात, सरकत्या ताऱ्यावर, थंड बोटांनी स्क्रू फिरवणं म्हणजे विनाकारण त्रास. लांबच्या मनोऱ्याचं टोक, विजेच्या खांबाचा माथा, असं काहीतरी टोकदार आणि न हलणारं निवडा. सूर्य त्या बाजूला नको, आणि भिंगाचा फाइंडर असेल तर दिवसा काम नसताना त्याच्या तोंडावर टोपण असू द्या. छोट्या फाइंडरमधून ओझरता दिसलेला सूर्यही डोळा कायमचा घालवू शकतो.

खूण लांब हवी, आणि किती लांब याला हिशेब आहे. फाइंडर आणि मुख्य नळी यांच्या मध्यरेषांत समजा १२ सेंमी अंतर आहे. २० मीटरवरच्या खुणेवर दोन्ही जुळवले, तर आकाशाकडे वळवल्यावर ते एकमेकांपासून २० कलांनी फाकलेले असतील. वरच्या मॅकसुटॉव्हसाठी ही चूक जवळपास अख्खी सवलत खाऊन टाकते. १०० मीटरवर ती ४ कला होते आणि ५०० मीटरवर एका कलेच्याही आत येते. समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर फाइंडर जुळवला आणि रात्री काही सापडलं नाही, या तक्रारीचं मूळ बहुधा हेच.

क्रम असा ठेवा. आधी सर्वांत लांब नाभीय अंतराचा आयपीस लावून मुख्य दुर्बिणीत खूण मधोमध आणा आणि माउंट (नळीला धरून वळवणारा आधार) घट्ट करा. मग नळीला हात न लावता फक्त फाइंडरचे स्क्रू फिरवा. मग आयपीस बदलून मोठेपणा वाढवा आणि पुन्हा तेच. रात्री शेवटचा हात ध्रुवावर फिरवायचा, कारण तो व्यवहारात जागचा हलत नाही. ध्रुव दिसत नसेल तर कोणताही ठळक तारा चालेल, फक्त खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर मिनिटाला १५ कला सरकतो हे लक्षात ठेवून हात जरा चटचट चालवा.

जुळवलेला फाइंडर दर वेळी का हलतो

फाइंडर घसरतो तो सहसा शूमध्ये. नळीवरच्या त्या खाचेत फाइंडरचं बूड सरकवून बाजूच्या स्क्रूने आवळायचं असतं, आणि खाच नेहमी किंचित सैल असते. बूड दर वेळी खाचेच्या शेवटपर्यंत सरकवा, एकाच बाजूला दाबून धरा आणि मगच आवळा. एवढ्याने निम्म्या लोकांची तक्रार मिटावी. तरीही हलत असेल तर शू ज्या दोन स्क्रूंवर नळीला बसवलाय ते बघा, त्यांची नटं ढिली असतात. आणि घरातलं कुणी फाइंडरला धरून दुर्बीण उचलत नाही ना, हेही विचारून घ्या. दांड्यासारखा आकार असल्यामुळे हात तिथेच जातो.

भिंगाच्या फाइंडरला दोन स्क्रू आणि समोरून रेटणारी स्प्रिंग असते. काही मॉडेलांत पुढच्या बाजूला रबरी कडीही असते. ती कडी हरवली की फाइंडर पुढून लटपटतो आणि स्क्रू कितीही फिरवले तरी जागेवर राहत नाही. स्प्रिंगची पिन आत अडकली असेल तरी लक्षणं तीच. बोटाने दाबून ती परत उसळते का, एवढं बघितलं की कळतं.

स्क्रूची मर्यादाच संपली, ठिपका ताऱ्यापर्यंत पोचतच नाही, असंही होतं. अशा वेळी स्क्रूशी झटापट नको. बुडाच्या एका टोकाखाली पातळ पट्टी सरकवा, जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडाही चालतो. बूड ५ सेंमी लांब असेल तर १ मिमी जाडीची पट्टी दिशा १ अंशाहून किंचित जास्त बदलते. बहुतेक वेळा त्याच्या निम्मी जाडी पुरते.

आणि एक चोर असा आहे, ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही: डायगोनल. मागे ९० अंशांत वळवणारा तो आरसा नीट बसवलेला नसेल, तर डायगोनल फिरवला की प्रतिमा सरकते. तपासायला सोपं आहे. तारा मधोमध आणा, डायगोनलचा स्क्रू सैल करा आणि आयपीसमधून बघत तो हळूहळू फिरवा. तारा मध्याभोवती जागच्या जागी राहिला तर डायगोनल निर्दोष सुटला. मोठं वर्तुळ काढत कडेकडे गेला तर दोष डायगोनलचा, फाइंडर निर्दोष आहे. १५०० मिमीच्या दुर्बिणीत आरशाची ५ मिमीची चूक आकाशात साडेअकरा कलांची होते. बसायच्या सोयीसाठी डायगोनल दर वेळी वेगळ्या कोनात वळवणाऱ्यांचा फाइंडर म्हणूनच 'रोज बिघडतो'. डायगोनल बदलेपर्यंत तो एकाच कोनात ठेवणं हा तात्पुरता इलाज.

रेड डॉटची नेहमीची दुखणी

ठिपका दिसतच नाही? नवा असेल तर बॅटरीखालची पारदर्शक प्लास्टिकची चकती काढायची राहिली असेल. जुना असेल तर आदल्या रात्री बंद करायचा राहिला असेल. बहुतेकांना सीआर२०३२ ही चपटी बॅटरी लागते. डब्यात एक जादा असू द्या.

ठिपका इतका प्रखर की मागचा तारा झाकला जातो, ही तक्रार स्वस्त रेड डॉटमध्ये इतकी सर्रास आहे की बॅटरी उतरत आली की फाइंडर सुधारला असं वाटतं. सर्वांत कमी उजेडावरही ठिपका डोळ्यांत घुसत असेल, तर दोन्ही डोळे उघडे ठेवून, ठिपका ताऱ्याच्या शेजारी आणून, चालू-बंद करत नेम धरा. कटकटीचं आहे, पण जमतं.

याहून मोठा दोष काचेचा. ठिपका परावर्तित व्हावा म्हणून काचेवर लेप असतो, आणि हलक्या दर्जाच्या फाइंडरमध्ये तो इतका गडद असतो की काचेतून फिके तारे गायबच होतात. फाइंडरच्या बाजूने बघितलं की तारा आहे, काचेतून बघितलं की नाही. याला इलाज नाही, हा फाइंडर बदलायचाच.

डोकं हलवल्यावर ठिपका ताऱ्यावरून घसरतो का, हेही तपासा. चांगल्या फाइंडरमधला ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे डोळा कुठेही नेला तरी तो ताऱ्याला चिकटून राहतो. घसरत असेल तर नेम धरताना ठिपका दर वेळी काचेच्या मध्यभागीच ठेवायची सवय लावा.

दुसरा आकडा: आकाश

एवढं सगळं ठीक करूनही वस्तू सापडत नसेल, तर सप्तर्षींकडे बघा. सातही तारे दिसतात का? चौकोनाच्या शेपटीकडच्या कोपऱ्यातला अत्री हा त्यांतला सर्वांत फिका, ३.३ प्रतीचा. तोच दिसत नसेल तर तुमचं आकाश जेमतेम तिसऱ्या प्रतीचं. अत्री सहज दिसतो आणि वसिष्ठाशेजारची अरुंधतीही वेगळी ओळखू येते, तर चौथ्या प्रतीपर्यंत मजल आहे, अर्थात नजर चांगली असेल तर.

रेड डॉट असो वा वर्तुळांचा फाइंडर (ठिपक्याऐवजी लाल वर्तुळं दाखवणारा), तो मोठेपणा देत नाही आणि उजेडही गोळा करत नाही. नुसत्या डोळ्यांना जे दिसतं त्याच्यावरच तो नेम धरू शकतो. गुरू, शनी, चंद्र आणि ठळक जोडतारे यांना तेवढं पुरतं. देवयानी दीर्घिकेपर्यंत जायचं तर नाही पुरत. तिची नेहमीची वाट अशी: देवयानी तारकासमूहातला मिराख हा दुसऱ्या प्रतीचा तारा, तिथून साधारण ४ अंशांवर म्यू हा ३.९ प्रतीचा, आणि त्याच दिशेने आणखी तेवढंच पुढे गेलं की दीर्घिका. गावाबाहेरच्या काळ्या आकाशात लाल ठिपक्याने हे चुटकीसरशी होतं. शहरात म्यू दिसतच नाही, मग ठिपका टेकवायचा कशावर?

इथे भिंगाचा फाइंडर लागतो. ३० मिमीचं भिंग डोळ्याच्या ७ मिमीच्या बाहुलीच्या तुलनेत ताऱ्यांची मर्यादा साधारण ३ प्रतींनी वाढवतं. ५० मिमीचं भिंग ४ प्रतींहून थोडं जास्त. ६×३० फाइंडरचं (६ पट मोठेपणा, ३० मिमीचं भिंग) क्षेत्र ७ अंशांच्या आसपास असतं, त्यात मिराख आणि म्यू एकत्र मावतात. म्यू मधोमध आणा, तसंच पुढे सरका, आणि शहराच्या कडेला आकाश बरं असेल तर दीर्घिकेचा धूसर डाग फाइंडरमध्येच दिसतो.

मात्र ५×२४ असं लिहिलेल्या छोट्या फाइंडरपासून सावध. सुरुवातीच्या दुर्बिणींबरोबर येणाऱ्या अशा पुष्कळ फाइंडरमध्ये एकेरी भिंगाचे दोष लपवायला आत भोक असलेली चकती बसवलेली असते. पुढून टॉर्च मारून आत बघा, ती दिसेल. भोक १० मिमीचं असेल तर तो फाइंडर २४ चा नाही, १० चाच, आणि ताऱ्यांची मर्यादा जेमतेम पाऊण प्रतीने वाढते. त्यापेक्षा साधा रेड डॉट कधीही बरा. चकती काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. काढली की तारे रंगीत झिंज्यांसारखे दिसायला लागतात.

मग नेमका कोणता?

आखूड ८० मिमी किंवा त्यासारखी रुंद क्षेत्राची दुर्बीण असेल तर फिकट काचेचा साधा रेड डॉट पुरे. यावर जास्त डोकं खपवण्यात अर्थ नाही. तो पैसा ३२ मिमीच्या आयपीसवर घाला.

१३० मिमीच्या आरशाच्या दुर्बिणीला, आणि आकाश चौथ्या प्रतीचं किंवा त्याहून चांगलं असेल तर मला वर्तुळांचे फाइंडर आवडतात. टेलरॅड त्यांतला जुना आणि नावाजलेला. आकाशावर ०.५, २ आणि ४ अंशांची तीन लाल वर्तुळं तरंगताना दिसतात, त्यामुळे 'ताऱ्यापासून २ अंश पश्चिमेला' हे डोळ्याने मोजता येतं. अडचण आकाराची आहे: तो वीतभर लांब आहे आणि साधारण ३०० ग्रॅम वजनाचा. लहान नळीवर त्याला सपाट जागाच मिळत नाही. रायजेल क्विकफाइंडर त्याच कामाचा, ०.५ आणि २ अंशांची दोन वर्तुळं दाखवणारा, पण उभा, छोट्या बुडाचा आणि वजनाने टेलरॅडच्या साधारण तिसरा हिस्सा. त्यात वर्तुळं लुकलुकत ठेवायची सोय आहे. उजेड बंद असतो त्या क्षणी फिका तारा दिसून जातो. लहान नळीसाठी मी डोळे झाकून हाच निवडेन.

मॅकसुटॉव्ह आणि शहरी आकाश ही जोडी सर्वांत अवघड. क्षेत्र अरुंद आणि वाटेवरचे तारे गायब. इथे काटकोनी, सुलट प्रतिमा देणारा ६×३० घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची तीन कारणं. एक, ताऱ्यांची मर्यादा वाढते. दोन, त्यातलं चित्र नकाशासारखंच असतं. सरळ फाइंडरमध्ये आकाश उलटं दिसतं, तेव्हा नकाशा फिरवून धरता येतो. डायगोनलमधून मात्र डावं-उजवं बदललेलं दिसतं, तिथे नकाशा कसाही फिरवा, जुळत नाही. तीन, मान वाचते. मॅकसुटॉव्ह आखूड, फाइंडर मागच्या टोकाला, आणि वस्तू डोक्यावर असेल तर सरळ फाइंडरला डोळा लावायला गुडघे टेकून नळीखाली शिरावं लागतं. काटकोनी फाइंडरमध्ये वरून बघता येतं.

त्याची खोड एकच: बघायची दिशा आणि नळीची दिशा वेगळी असल्यामुळे पहिला तारा कुठे आहे ते कळत नाही. आधी नळीच्या कडेवरून नजर लावून अंदाजे रोख धरा. ७ अंशांच्या क्षेत्रात ठळक तारा येऊन पडतोच.

८×५० किंवा ९×५० चा मोह होतो, आणि मोठ्या दुर्बिणीवर तो योग्यही आहे. लहान दुर्बिणीवर नको. कंसासकट अर्धा किलोच्या घरात जाणारं ते वजन नळीच्या एका बाजूला लटकतं, एका दांड्याच्या हलक्या माउंटचा तोल जातो, आणि प्रत्येक स्पर्शाला प्रतिमा थरथरते. शिवाय क्षेत्रही ५-६ अंशांवर येतं. हिरवा लेझर फाइंडर म्हणून वापरणारेही आहेत. विमानाच्या दिशेने गेला तर वैमानिकाचे डोळे दिपतात, अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि थंडीत तो मंदावतो ते वेगळंच. मी तो सुचवत नाही.

आपोआप वस्तू शोधणारं माउंट असेल तर फाइंडर कशाला, असं वाटू शकतं. पण सुरुवातीला एक-दोन तारे तुम्हालाच मध्यभागी आणून द्यावे लागतात, आणि ते तारे ठळकच असतात. तिथे रेड डॉट पुरतो, शहरातसुद्धा.

नवा भिंगाचा फाइंडर आला की तारे ठिपक्यांसारखे दिसतात का ते आधी बघा. धूसर असतील तर पुढच्या भिंगामागची कडी सैल करून भिंगाची चौकट थोडी आत-बाहेर फिरवा, तारा टोकदार झाला की कडी परत आवळा. पुष्कळांना हा फोकस असतो हेच माहीत नसतं आणि ते चांगला फाइंडर परत पाठवतात. फाइंडरमधल्या नेमाच्या फुलीच्या बारीक रेषा अंधारात दिसत नसतील तर हाच फोकस किंचित बिघडवा. ठळक तारा फुगून तबकडीएवढा होतो आणि त्यावर फुली काळी उमटते.

रात्र चढली की दव सर्वांत आधी रेड डॉटच्या उघड्या काचेवर धरतं, कारण ती पातळ काच थेट आकाशाकडे तोंड करून लवकर थंड होते. ठिपका पसरट दिसू लागला की समजायचं. पुसू नका, लेपावर चरे पडतात. काळ्या कागदाचा किंवा फोमचा छोटा आडोसा केला तर दव उशिरा धरतं, आणि वापर नसताना वर एखादी छोटी पिशवी घातली तरी पुरतं.

मागवण्याआधी नळीवरचा शू बघून घ्या. बऱ्याच दुर्बिणींवर खाचेचं एकच ठरावीक माप चालतं आणि फाइंडर बिनबोभाट बसतो. पण जुन्या किंवा खेळण्यातल्या वाटाव्या अशा ६० मिमीच्या दुर्बिणींवर खाच नसते, नुसते दोन स्क्रू असतात. त्या दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर मोजा, आणि त्या मापाचा स्वतंत्र शू फाइंडरबरोबरच मागवा.